अंबाडी गुडघ्याला लागण्याआधीच फुलते? आधी जात ओळखा, मग पेरणीची तारीख बघा

पोळा जवळ आला की हा प्रश्न सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत पुरतो. "जिभाऊ, अंबाडीले पालाच नही, नुसती फुलं." अमळनेर असो, पारोळा, साक्री किंवा तळोदा, तक्रार तीच. परसात वाफे केले, शेणखत घातलं, पाणी वेळच्या वेळी दिलं आणि झाड गुडघ्याला लागतंय न लागतंय तोच शेंड्याला कळ्या. एका भाजीपुरताही पाला निघाला नाही. कुणाची तक्रार याच्या अगदी उलट असते. झाड दीड पुरुष उंच गेलं, पण नुसती काठी. पाला खुडायचा तर शिडी लावा. तिसऱ्या तक्रारीत झाड ठणठणीत असतं, दुखणं शेजाऱ्याला होतं. तो कुंपणावरून डोकावतो, मोबाइलवर पानाचा फोटो काढतो आणि म्हणतो, "हे तर गांजाचं पान दिसतंय."

पहिल्या दोन तक्रारींवर घरोघरी एकच औषध चालतं: युरियाची मूठ. त्याने पान काळंभोर होतं, देठ लुसलुशीत होतो, मावा-तुडतुडे आनंदाने येतात आणि कळी जिथे यायची तिथे येतेच. नत्राने पाला वाढतो हे खरं, पण फुलायची वेळ झालेल्या अंबाडीला नत्र थांबवू शकत नाही. म्हणून खताचा डबा आधी बाजूला ठेवा.

आपल्याकडे अंबाडी या एका नावाखाली दोन वेगळी झाडं विकली जातात. आठवडे बाजारात पसरीवर बसलेल्या मावशीकडचं बी असो नाहीतर कृषी केंद्रातलं पाकीट, त्यावर 'अंबाडी' एवढंच असतं. एक हिबिस्कस साबदारिफा, म्हणजे जिच्या बोंडांची लालभडक आंबट साल सरबताला आणि चटणीला जाते ती. दुसरी हिबिस्कस कॅनाबिनस, जिचा वाख, म्हणजे खोडाच्या सालीचा धागा, काढून पूर्वी दावी आणि कासरे वळत. दोघींचा पाला खाता येतो, दोघींची फुलं फिक्कट पिवळी आणि मधे गडद किरमिजी, त्यामुळे नुसतं फूल बघून निवाडा होत नाही. लाल देठाची ती एक आणि हिरव्या देठाची ती दुसरी, असं बरेच जण सांगतात. त्यावर जाऊ नका. दोन्हींमध्ये लाल देठाचेही वाण आहेत आणि हिरव्या देठाचेही.

ओळखायचं असेल तर हात फिरवा. कॅनाबिनसच्या खोडाला बारीक काटे असतात, तळहाताला टोचतात; साबदारिफाचं खोड बहुधा गुळगुळीत. कॅनाबिनसचं वरचं पान पाच-सात अरुंद बोटांत खोलवर फाटलेलं, साबदारिफाचं तीन-पाच रुंद बोटांचं. सर्वांत खात्रीची खूण फूल गळल्यावर मिळते. साबदारिफात फुलाखालचा हिरवा-लाल पेला जाड, रसाळ होत जातो आणि बोंडाला वेढतो. कॅनाबिनसमध्ये तो कोरडा, केसाळ, टोकदार राहतो. दाताखाली घेतलात तर काहीच हाती लागत नाही. बी हातात असेल तर पेरण्यापूर्वीच कळतं: कॅनाबिनसचं बी राखाडी, कोनदार, तिकोनी, साबदारिफाचं तपकिरी आणि मूत्रपिंडाच्या आकाराचं. चिमूटभर बी पांढऱ्या कागदावर पसरून बघा. बाजारच्या बियाण्यात दोन्हींची भेसळ अगदी नेहमीची.

आणखी एक. कोवळ्या रोपाची पहिली पानं अखंड असतात आणि नंतरची फाटकी. एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं दिसली की लोकांना विषाणू आठवतो. दोन्ही जातींत हे असंच व्हायचं, त्याला फवारणी नको.

आता या दोघींतला गोंधळ नेटवर शोधून सोडवायला गेलं की तो वाढतो. 'कॅनाबिनस' टाइप केलं की पुढ्यात सटाइवा आणि इंडिका येतात, म्हणजे गांजाच्या झाडाचे प्रकार. उंच, अरुंद पानाची ती सटाइवा. बुटकी, झुडूपवजा, रुंद पानाची ती इंडिका. लोक हे वाचतात आणि आपली काठीसारखी अंबाडी 'सटाइवा टाइप' असेल असं समजून बसतात. अंबाडी भेंडी-कपाशीच्या कुळातली, गांजाचं कूळ निराळं. शिवाय तिकडची ती वाटणीसुद्धा वाटते तितकी पक्की नाही. लिनियसने 1753 मध्ये कॅनाबिस सटाइवा हे नाव दिलं, लामार्कने 1785 मध्ये भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका वेगळी काढली. पण दोन्हींचा संकर सहज होतो आणि इतकी सरमिसळ झाली आहे की बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ आज सगळ्यांना एकच जात धरतात. एक तरतरी आणते आणि दुसरी गुंगी, हे विकणाऱ्यांचं वर्गीकरण आहे. झाडातल्या रसायनांची तपासणी केली तर ती या लेबलांप्रमाणे निघतीलच असं नाही.

अंबाडीचं बरोबर उलटं आहे. दिसायला सारख्या, नाव एक, पण जाती खरोखर दोन. कॅनाबिनसची गुणसूत्रं 36, साबदारिफाची 72. शेजारी-शेजारी लावल्या तरी दोघींचा सहजासहजी संकर होत नाही. त्यामुळे 'माझं बी बिघडलं' असं कुणी म्हणालं तर बहुतेक वेळा ते डब्यात मिसळलेलं असतं, फुलात नव्हे.

जात कळली की पुढचा प्रश्न तारखेचा, आणि खरी मेख इथेच आहे.

दोन्ही अंबाड्या लहान दिवसाच्या. दिवस मोठा असेतो त्या पाला आणि खोड वाढवतात. दिवस साधारण साडेबारा तासांच्या खाली उतरू लागला की फुलाची तयारी सुरू होते. खान्देश साधारण 21 अक्षांशावर. आपल्याकडे 21 जूनला दिवस तेरा तास पंचवीस मिनिटांच्या आसपास असतो, डिसेंबरात तो दहा तास पन्नास मिनिटांपर्यंत येतो. मधला साडेबारा तासांचा टप्पा ऑगस्ट संपता संपता लागतो. नक्षत्रांच्या भाषेत सांगायचं तर पूर्वा लागल्या की अंबाडीचं पाल्याचं राज्य संपत आलं.

यावरून हिशेब करा. मृगात पेरलेल्या झाडाला पूर्वा लागेपर्यंत जवळपास बारा आठवडे मिळतात. तेवढ्यात ते कंबरेच्या वर जातं, फांद्या धरतं, दोन-तीन खुडण्या देतं. मग फुललं तरी कुणाची तक्रार नसते. तेच बी मघात, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात पडलं तर रोपाला जेमतेम दोन आठवडे मिळाले. ते बिचारं वीतभर असतानाच फुलणार. पोळ्याच्या सुमाराला माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी जवळजवळ सगळ्या अशा असतात: पाऊस उशिरा आला, आधी कपाशी-ज्वारीची गडबड, परसातला वाफा शेवटी राहिला. कॅनाबिनस यात जास्त घाई करते, साधारण भाद्रपदात फुलू लागते. साबदारिफा बऱ्याचदा दसरा-दिवाळीपर्यंत थांबते. म्हणून उशीर झालाच असेल तर त्यातल्या त्यात साबदारिफा पेरा. काही हळवे, म्हणजे लवकर येणारे वाण दिवसाकडे फारसं न बघता वयाप्रमाणे फुलतात. बी देणाऱ्याला 'गेल्या साली कधी फुलली होती' एवढं विचारून ठेवा.

हिवाळ्यात पाला हवाच असेल तर फुलाशी भांडू नका. मेथी-कोथिंबिरीसारखी दाट फेका आणि रोप वीत-दीड वीत झालं की मुळासकट उपटून जुडी बांधा. बाजारात थंडीत येणारी कोवळी अंबाडी अशीच येते. त्या रोपांना झाड करायचं डोक्यातही आणू नका. दर पंधरवड्याला एक छोटा वाफा टाकला तर घरचं भागतं. मात्र डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उगवण रेंगाळते आणि रोपं थिजल्यासारखी उभी राहतात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पेरलं तर थोडा फरक पडतो, थोडाच.

उन्हाळ्याचं गणित अनेकांना चकवतं. महाशिवरात्रीनंतर ऊन तापतं म्हणून फेब्रुवारीत पेरतात. पण तेव्हा दिवस अजून साडेअकरा तासांच्या आसपासच असतो. ऊन वाढलं म्हणून दिवस मोठा झाला असं होत नाही. ती रोपं लवकर फुलतात. मार्च अखेरीला पेरा. रोप पहिले काही आठवडे फुलण्याच्या वयात आलेलं नसतं, तोवर एप्रिलचा मध्य येतो आणि दिवस साडेबाराच्या वर जातो. पुढे जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा दुपारी सावली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी लागेल हे धरून चाला. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलकडे, विहिरीला पाणी असेल तर हा पाला जमतो. बाकी ठिकाणी मे महिन्यात पिण्याच्या पाण्याची मारामार असताना अंबाडीचे लाड कुणी करू नयेत.

कधीकधी एकाच ओळीतली अर्धी झाडं फुलतात आणि अर्धी हिरवीगार राहतात. बी मिसळलं का, हे बघाच, पण रात्री एकदा बाहेर येऊन उभे राहा. खांबावरचा एलईडी किंवा ओट्यावरचा रात्रभर जळणारा बल्ब कुणावर पडतो ते दिसेल. लहान दिवसाच्या झाडाला अखंड अंधार लागतो. रात्री उजेड मिळत राहिला तर त्याला दिवस मोठाच वाटतो आणि फूल लांबतं. पाल्यासाठी लावली असेल तर हा फायदाच समजा. बोंडांसाठी साबदारिफा लावली असेल तर मात्र अंधारातली जागा निवडा, नाहीतर दिवाळी गेली तरी बोंड दिसायचं नाही.

आता काठीची तक्रार. दाट पेरणी केली की झाडं उजेडासाठी वर धावतात, खालची पानं गाळतात आणि फांदी धरत नाहीत. वाखासाठी अंबाडी मुद्दाम अशीच दाट पेरतात, कारण सरळ बिनफांदीच्या खोडाचा धागा लांब निघतो. म्हणजे झाडाने तुमचं ऐकलं, फक्त तुम्ही वेगळंच सांगितलं. पाल्यासाठी झाडात हातभर अंतर ठेवा, बोंडांच्या साबदारिफाला दोन हात. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा आणि त्याचीच पहिली भाजी करा. खुडलेल्या जागेखालून चार-सहा फांद्या फुटतात. पुढची खुडणी तीनेक आठवड्यांनी, प्रत्येक फांदीवर दोन-तीन पानं राखून. पूर्वा लागल्यावर शेंडे खुडत बसलात तर नवी फूटही कळी घेऊनच येते, तेव्हा खुडण्याची घाई आषाढ-श्रावणातच करावी. शेंडा खुडूनही फांद्या धरत नसेल तर बहुधा वाखाचा वाण हाती लागला आहे. साबदारिफातही असा एक उंच, बिनफांदीचा प्रकार आहे, त्याची बोंडं मांसल होत नाहीत. सरबताच्या आशेने तो सांभाळू नका. उपटा, वाख काढा, गोठ्याला दावं होईल.

शेंडा गोळा होऊन बसला असेल, पानं आक्रसलेली आणि मधे पांढरट कापूस दिसत असेल तर त्याला कळी समजू नका. तो पिठ्या ढेकूण. मुंग्या खोडावरून वर-खाली करत असतील तर खात्रीच. तेवढा शेंडा कापून पिशवीत घाला आणि जाळा. वाफ्यात टाकलात तर तो परत चढतो. बाकी झाडाला साबणाचं पाणी किंवा पाच टक्के निंबोळी अर्क. पानांच्या कडा पिवळ्या पडून वळल्या तर तुडतुडे, तेही कपाशीवरूनच आलेले. झाड भर पावसात अचानक सुकलं आणि बुंध्याची साल काळी पडली तर मूळकूज. काळ्या जमिनीत पाणी साचलं की हे ठरलेलं, म्हणून सपाट वाफ्याऐवजी वरंब्यावर पेरा. झाड खुरटलं आणि उपटल्यावर मुळांना गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. कॅनाबिनसला त्यांचा त्रास फार, साबदारिफा बऱ्यापैकी तग धरते. वांगी-टोमॅटो काढलेल्या वाफ्यात पाठोपाठ कॅनाबिनस नको.

शेजाऱ्याचं काय करायचं? त्याच्यावर चिडू नका. कॅनाबिनसचं पान लांबून खरंच तसं दिसतं, आणि शिरपूर तालुक्यात सातपुड्याकडे गांजाच्या शेतीवर पडलेल्या छाप्यांच्या बातम्या तो पेपरात वाचत असतो. त्याला जवळ बोलवा आणि पान दाखवा. अंबाडीच्या पानाची बोटं देठाजवळ एकाच पात्याला जोडलेली असतात. गांजाच्या पानातलं प्रत्येक बोट म्हणजे स्वतंत्र पर्णिका. सगळ्या एका बिंदूतून निघतात, बहुधा पाच, सात किंवा नऊ. गांजाची खालची पानं समोरासमोर जोडीने येतात, अंबाडीची नेहमी एकाआड एक. कॅनाबिनसच्या खोडाला काटा, गांजाला काटा नसतो पण उग्र वास असतो. आणि अंबाडीला भेंडीसारखं मोठं फूल येतं, गांजाचं फूल बारीक, हिरवट, पाकळ्यांशिवाय. नर आणि मादी झाडंही बहुधा वेगळी. ओळख पटेपर्यंत पान चघळून आंबट लागतं का, हे मात्र बघू नका.

"पण इंडिका म्हणजे आपली देशी, ती चालते ना?" हा प्रश्नही येतो, बहुतेक तरुण पोरांकडून. चालत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, कॅनाबिस या प्रजातीतलं कोणतंही झाड 'गांजाचं झाड' धरलं आहे. सटाइवा, इंडिका, कुंडीतलं एक की बांधावरचे दहा, फरक नाही. विनापरवाना लागवडीला कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भांग म्हणजे नुसती पानं, ती गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, हे अर्धं ऐकून कुणी झाड लावायला जातो. पान व्याख्येबाहेर असलं तरी झाड लावणं आतच आहे. शिवाय कलम 46 प्रमाणे आपल्या जमिनीवर अशी बेकायदा लागवड होते आहे हे कळल्यावर जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना किंवा अधिकाऱ्याला कळवायचं असतं. शेत बटईने दिलं असेल, तिथे महिनोन्‌महिने फिरकत नसाल, तर हे कलम लक्षात असू द्या. कपाशी-तुरीच्या आडोशाला काय उभं आहे हे मालकाला ठाऊक असायला हवं.

आणि बांधावरच्या अंबाडीविषयी एक गोष्ट गांजापेक्षा जास्त काळजीची. कपाशीत मधे ओळ टाकलेली किंवा कपाशीच्या कडेची अंबाडी घरी भाजीला आणतात. कपाशीवरची प्रत्येक फवारणी तिच्यावरही पडलेली असते. अंबाडी उकळून पाणी टाकतो म्हणून विष जातं, या समजुतीवर विसंबू नका; ते पाणी आपण आंबटपणा कमी करायला टाकतो. अशा ओळीचा पाला खायचाच नाही. ती वाखाला आणि बियाण्याला ठेवा, खायची अंबाडी घराजवळ लावा. वाख काढायचा असेल तर अर्धी झाडं फुलावर असताना कापा. बोंडं वाळेपर्यंत थांबलात तर धागा राठ होतो.

बियाण्यासाठी दोन्ही जातींची एकेक-दोन झाडं पहिल्या खुडणीपासूनच वेगळी राखा, त्यांचे शेंडे खुडू नका. बोंडं तपकिरी होऊन तडकायच्या आत तोडा, नाहीतर लाल ढेकूण बी शोषून पोकळ करतात. सावलीत वाळवून चोळा आणि दोन डब्यांत ठेवा. डब्यावर जात लिहा, आणि त्याखाली झाडाला पहिलं फूल दिसलं ती तारीखही.